आकाशकंदील

माझ्या नातीने मागे माझी मोठीच पंचाईत केली. एखाद्या कीर्तनकाराने नास्तिकाला कोंडीत पकडावे हे समजू शकते. पण अकरा वर्षांच्या नातीने, तेही मीच घेऊन दिलेले आइस्क्रीम खात खात, आजोबांच्या आयुष्यभराच्या तत्त्वज्ञानाला सुरुंग लावावा, याला काय म्हणावे?

आमच्या घरात मी नास्तिक म्हणून प्रसिद्ध आहे. पूजा सौ. करते; माझा संबंध नैवेद्यापासून पुढे. 'ज्याला पुरावा नाही ते मी मानीत नाही,' हे वाक्य मी गणिताच्या मास्तरकीत वर्गात आणि घरी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून असंख्य वेळा उच्चारले आहे. एका बाबतीत मात्र माझे मत ठाम आहे. या अफाट विश्वात कुठेतरी आपल्यासारखी, किंबहुना आपल्याहून शहाणी माणसे असलीच पाहिजेत! उन्हाळ्यात गच्चीवर अंथरुणे पडली, की शेजाऱ्यांनाही हे मत ऐकून घ्यावे लागते.

नातीला घेऊन मी खोडदला गेलो होतो. नारायणगावजवळच्या त्या रेडिओ दुर्बिणीपाशी विज्ञान दिनाचे प्रदर्शन भरते. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. काही माळावर जवळजवळ, बाकीच्या पंचवीसेक किलोमीटरच्या टापूत पांगलेल्या. तारांच्या जाळीच्या असल्याने त्या उन्हात आरपार दिसतात. एखाद्या राक्षसिणीने पिठाच्या चाळण्या धुऊन आकाशाकडे तोंड करून वाळत घातल्या आहेत, असे वाटावे!

"हे कान आहेत बरं का," मी म्हणालो, "आकाशाचं ऐकणारे. ताऱ्यांचं ऐकतात. कोण जाणे, एखाद्या दिवशी तिकडच्या माणसांचंही ऐकतील."

"तिकडे माणसं आहेत?"

"असलीच पाहिजेत."

"तुम्ही पाहिलीत?"

"नाही."

"दुसऱ्या कुणी?"

"नाही."

"त्यांचा कधी निरोप आला?"

"अजून तरी नाही."

तिने आइस्क्रीमची काडी चाटून स्वच्छ केली आणि अगदी सहज विचारले, "मग आजी देव आहे म्हणते, तेव्हा तुम्ही तिला हसता कशाला?"

त्या रात्री मी वही घेऊन जमाखर्च मांडायला बसलो. जमेची बाजू तशी भरभक्कम होती. आपल्या एका आकाशगंगेतच शंभर अब्जांहून अधिक तारे. १९९५ साली सूर्यासारख्या ताऱ्याभोवती फिरणारा पहिला ग्रह सापडला, आणि आज परक्या ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांची संख्या ६००० च्या घरात गेली आहे. खर्चाच्या बाजूला मात्र दोनच ओळी होत्या. १९६० साली फ्रँक ड्रेक या शास्त्रज्ञाने अमेरिकेत ग्रीन बँक येथे दोन ताऱ्यांकडे रेडिओ दुर्बीण रोखली. तेव्हापासून माणसाने कितीदा तरी असा कानोसा घेतला, पण खात्रीची म्हणावी अशी हाक एकही आली नाही. दुसरी ओळ अशी, की जीवसृष्टी असलेले जग आपल्याला ठाऊक आहे ते एकच, आपले! एका उदाहरणावरून नियम काढणाऱ्या पोराला मी वर्गात शून्य मार्क दिले असते.

'असतील' हे गणित झाले. पण 'असलीच' मधला तो 'च'? तो गणितातला नव्हता. मग तो आला कुठून?

वहीवर पेन्सिल आपटत बसलो असता उत्तर सुचले आणि मी ओशाळलो. माझी ती दूरची माणसे कशी? फार पुरातन, फार ज्ञानी, आपली भांडणे वरून पाहणारी, आणि कधीतरी येऊन आपल्याला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगणारी. अहो, हे तर आईच्या देव्हाऱ्यातलेच सारे! देव्हारा मी रिकामा केला खरा. पण रिकामी जागा मला बघवली नाही, आणि तिथे मी हे नवे पाहुणे आणून बसवले.

पण म्हणून दुर्बीण आणि देव्हारा एकच, असे म्हणून मोकळे होणेही खरे नव्हे. १९६७ साली केंब्रिजच्या जोसेलिन बेल या संशोधक विद्यार्थिनीला आकाशातून दर १.३ सेकंदांनी पडणारा एक ठोका सापडला. इतका नियमित, की त्याला थट्टेने 'छोटी हिरवी माणसे' असे नावही पडले. पण तिने शोध थांबवला नाही. तसाच दुसरा ठोका आकाशाच्या भलत्याच दिशेला सापडला, आणि हिरव्या माणसांनी गाशा गुंडाळला. मागे उरला तो स्वतःभोवती गरगरणारा तारा, पल्सार. खोडदचे कान आजही असे ठोके ऐकतात. हाती आलेले पाहुणे तपासून परत पाठवायला छाती लागते. माझ्या 'च' ला ती नव्हती.

आणि आईची श्रद्धा? त्या आठवणीपाशी आलो की अजून जीव कासावीस होतो.

वाईच्या आमच्या घरी अंगणात उंच काठीला कप्पी बांधून आई आकाशकंदील चढवी. कामट्यांचा सांगाडा, खळीने डकवलेला पतंगाचा कागद, आत तेलाची पणती. वडील मी बारा वर्षांचा असतानाच गेले. गेलेल्यांना वाट दिसावी म्हणून हा दिवा, असे ती सांगे. १९७० च्या दिवाळीत मी कॉलेजातून ताजे ज्ञान घेऊन घरी आलो होतो. ती दोरी ओढायला बोलावू लागली, तेव्हा मी म्हणालो, "वर कुणी नाही, आई. उगाच तेल जळतंय."

ती क्षणभर थांबली. मग म्हणाली, "दिसतो का नाही, ते त्यांचं. लावायचा का नाही, ते आपलं." आणि दोरी तिने एकटीनेच ओढली. माडीवर पुस्तक उघडून बसलेल्या मला कप्पीची कुरकुर ऐकू येत होती.

'अनंतकोटी ब्रह्मांडनायक' असे रोज म्हणणाऱ्या त्या बाईला आणखी चार ग्रहांवर माणसे निघाल्याचे काहीच नवल वाटले नसते. तिने कसला सिद्धांत मांडलाच नव्हता, आणि मी मात्र तो खोडून काढल्याच्या ऐटीत होतो. हे तिला सांगायचे राहून गेले.

५ सप्टेंबर १९७७ रोजी 'व्हॉयेजर १' हे यान निघाले. त्यावर सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी आहे. तिच्यात ५५ भाषांतले नमस्कार आहेत, त्यांत आपली मराठीही आहे. आणि गोव्याच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. यान निघाल्यावर अकराच दिवसांनी केसरबाई गेल्या. २०१२ साली त्यांचा सूर सूर्याच्या वाऱ्याची वेस ओलांडून पुढे गेला. दुसऱ्या एखाद्या ताऱ्याच्या आसपास पोहोचायला त्याला सुमारे ४०,००० वर्षे लागतील. ऐकणारा कुणी असेल? ती तबकडी बनवणाऱ्यांनाही ते ठाऊक नव्हते. ऐकू येते का नाही, ते त्यांचे. पाठवायची का नाही, ते आपले. आई, शास्त्रज्ञांनीसुद्धा कंदील लावला ग!

देव मी अजूनही मानीत नाही. सौ. ला हसणे मात्र सोडले आहे.

गेल्या दिवाळीत नातीने आणि मी घरीच कंदील केला. कामट्या माझ्या, खळ तिची. निम्मी खळ तिच्या फ्रॉकला. गच्चीवर काठी उभी केली, जुन्या बाजारातून हुडकून आणलेली कप्पी बांधली. दोरी हातात धरून तिने वर पाहिले.

"आजोबा, हा वरून कुणाला दिसेल?"

"माहीत नाही," मी म्हणालो. 'च' न लावता.

"मग ओढू ना?"

"ओढ," मी म्हणालो, आणि दोरीला मीही हात लावला.