दाव्याच्या पोटातला दावा

कोलकाता हायकोर्टासमोर ओल्ड पोस्ट ऑफिस स्ट्रीटवर माझं चेंबर आहे. तिथे अधूनमधून एखादा अशील येतो, बसण्याआधी दार नीट लागलंय का ते बघतो आणि मगच पिशवीतून कागद काढतो. त्याला आपल्याच वकिलावर दावा लावायचा असतो, आणि हे सांगायला तो पुन्हा वकिलापुढेच बसलेला असतो.

असेच एक मराठी गृहस्थ आले. गोदामाच्या थकलेल्या भाड्याचा दावा त्यांच्या वकिलाने मुदतीत दाखलच केला नव्हता. "साहेब, विचारलं की म्हणायचा, काम चालू आहे."

"मुदत संपून किती दिवस झाले?"

"दोन वर्षं दहा महिने."

म्हणजे हाती दोनच महिने. वकिलावरच्या दाव्यालाही साधारण तीन वर्षांचीच मुदत असते, आणि ती चूक घडल्या दिवसापासून मोजली जाईल असं धरून चाललेलं बरं. मुदतीपायी एकदा बुडालेला माणूस हळहळण्यात वेळ घालवून पुन्हा मुदतीपायीच बुडतो.

वकिलावर दावा लावता येतो का, ही शंका जुनी. या शहरात विलायती पद्धत होती: ॲटर्नी, म्हणजेच सॉलिसिटर, कागद सांभाळायचा आणि बॅरिस्टर युक्तिवाद करायचा. विलायतेत सॉलिसिटरला हलगर्जीबद्दल कोर्टात खेचता यायचं, बॅरिस्टरला नाही. त्याची फी हे मानधन मानलं जायचं. आपल्याकडे 1926 च्या कायद्याने, लीगल प्रॅक्टिशनर्स (फीज) ॲक्टच्या कलम 5 ने, सांगून टाकलं की केवळ वकील आहे म्हणून कुणाला सूट नाही. पुढे 1976 च्या दुरुस्तीने ॲटर्नी हा वेगळा वर्गच मोडीत निघाला. कलम 5 मात्र टिकलं.

ग्राहक आयोगाची वाट सुप्रीम कोर्टाने 14 मे 2024 ला बंद केली. बार कौन्सिलकडे तक्रार करता येते, पण कौन्सिल शिक्षा देते, बुडालेले पैसे देत नाही. शिवाय पुण्याच्या वकिलांच्या एका प्रकरणात 1983 मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलंच आहे की नियतीत खोट नसलेली निव्वळ हलगर्जी म्हणजे गैरवर्तन नव्हे. उरतं ते दिवाणी कोर्ट.

खरी कसोटी तिथे लागते. वकील चुकला एवढं दाखवून भागत नाही. तो चुकला नसता तर गोदामाचा दावा आपण जिंकलो असतो, हेही पटवावं लागतं. काल "तुमची बाजू भक्कम आहे" म्हणणारा वकील आज सांगतो की ती पहिल्यापासून पोकळ होती. भाडेकरूने जे म्हणायचं, ते आता तो म्हणतो. लंडनमध्ये 1958 साली निकाल लागलेल्या एका प्रकरणात सॉलिसिटरांनी एका विधवेचा दावा असाच मुदतबाह्य होऊ दिला होता. पूर्ण यश आलं असतं तर 3,000 पौंड मिळते. कोर्टाने हुकलेल्या संधीचं मोल 2,000 ठरवलं.

"फाइल तर त्याच्याकडेच आहे," गृहस्थ म्हणाले. "फी दिल्याशिवाय देत नाही."

फीसाठी वकिलाला अशिलाचे कागद अडवता येत नाहीत, हे सुप्रीम कोर्टाने 2000 मध्येच ठरवलंय. तशी नोटीस त्याच संध्याकाळी लिहिली.

"त्याच्याविरुद्ध काय काय पुरावा आणू?" त्यांनी विचारलं.

"त्याचं नंतर बघू," मी म्हटलं. "आधी गोदामाचा भाडेकरार शोधा."