मोजक्या पैशांत जुनी जर्मन गाडी

शोरूममधून तीस-पस्तीस लाखांना बाहेर पडलेली जर्मन डिझेल सेडान दहा-अकरा वर्षांत पाच ते आठ लाखांवर येते. एका नव्या हॅचबॅकच्या पैशांत मर्सिडीज, बीएमडब्ल्यू किंवा ऑडी दारात उभी राहते, आणि याच हिशेबात पुष्कळ खरेदीदार अडकतात. गाडीची किंमत उतरते. तिच्या इंजेक्टरची, गिअरबॉक्सची किंवा हेडलाइटची उतरत नाही. युरो महागला की ती चढतेच. म्हणून अशा खरेदीत विचारायचा प्रश्न ‘कितीला मिळते’ हा नसून ‘घेतल्यावर पहिल्या वर्षी किती खाते’ हा आहे. प्रस्तुत लेखकाने पुण्यात आठ लाखांच्या मर्यादेत मर्सिडीजची २०१२ सालची सी २२० सीडीआय घेतली. पुढील विवेचन मुख्यतः त्या व्यवहारातून आणि त्याआधी नाकारलेल्या गाड्यांतून आलेले आहे.

या गाड्यांचा महाराष्ट्राशी संबंध जुना आहे. मर्सिडीजने १९९५ मध्ये त्या वेळच्या टेल्कोच्या पिंपरीतील आवारात गाड्यांची जुळणी सुरू केली आणि २००९ मध्ये चाकणला स्वतःचा कारखाना उभारला. ऑडीच्या गाड्या औरंगाबादजवळ शेंद्र्याला जुळवल्या जात. बीएमडब्ल्यूने २००७ मध्ये चेन्नई निवडली. जुळणी इथली असली तरी महत्त्वाचे भाग बाहेरून येतात, त्यामुळे ‘मेड इन चाकण’ म्हणून सुटा भाग स्वस्त मिळेल ही आशा व्यर्थ. खरा फायदा माणसांचा आहे. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये वर्षानुवर्षे काम करून नंतर स्वतःचे गॅरेज टाकलेले मेकॅनिक पुण्या-मुंबईत सापडतात. गाडी शोधण्याआधी असा माणूस शोधावा. ज्या गावात तो नाही तिथे ही गाडी घेऊ नये, असे लेखकाचे स्पष्ट मत आहे.

स्वस्त गाड्यांचा एक मोठा स्रोत दिल्ली हा आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये राजधानी परिसरात दहा वर्षांपेक्षा जुन्या डिझेल गाड्यांवर बंदी आणली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. त्यानंतर आठ-नऊ वर्षांच्या डिझेल गाड्या तिथून मिळेल त्या भावाला इतर राज्यांत येऊ लागल्या. भावातला फरक मात्र बराचसा दिखाऊ असतो. तिथल्या आरटीओची एनओसी, इथे नव्याने भरायचा रोड टॅक्स, नवा नंबर, वाहतूक आणि एजंटची फी धरली की लाख-दीड लाखाची बचत पाहता पाहता विरते. शिवाय गाडी पाहायला आपला मेकॅनिक दिल्लीला नेणे बहुतेकांना जमत नाही, आणि न पाहता घेतलेली गाडी म्हणजे लॉटरी. लेखकाने दिल्लीचा विचार याच कारणाने सोडला.

मॉडेल निवडताना बोनेटवरच्या बिल्ल्यापेक्षा आतले इंजिन आणि गिअरबॉक्स पाहावे. एकाच नावाच्या दोन गाड्यांत दोन वर्षांच्या अंतराने जमीन-अस्मानाचा फरक पडतो. बीएमडब्ल्यूच्या एन ४७ या दोन लिटर डिझेल इंजिनाची टायमिंग चेन मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे. २००७ ते २०११ च्या इंजिनांत ती झिजण्याच्या आणि तुटण्याच्या तक्रारी जगभर झाल्या. चेन बदलायची तर गिअरबॉक्स किंवा अख्खे इंजिन खाली उतरवावे लागते, म्हणजे भागापेक्षा मजुरी जड. फोक्सवॅगन समूहाच्या ईए ८८८ पेट्रोल इंजिनाची दुसरी पिढी ऑडीतही आहे. तिच्या पिस्टन रिंगांमुळे ती ऑइल पिते आणि चेनचा टेन्शनर हाही तिचा कच्चा दुवा. त्याच समूहाचा सात गिअरचा ड्राय-क्लच डीएसजी असेल तर मेकाट्रॉनिक युनिट कधी आणि कुठे बदलले याचे बिल मागावे. समूहाच्या डिझेल गाड्यांबाबत आणखी एक गोष्ट: ईए १८९ इंजिनांच्या उत्सर्जन-प्रकरणानंतर डिसेंबर २०१५ मध्ये भारतात सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या परत बोलावण्याची घोषणा झाली होती. आपल्या गाडीत ते काम झाले आहे का, हे चेसिस नंबरवरून विचारता येते.

मर्सिडीजचे ओएम ६५१ हेही मागे चेन असलेले डिझेल इंजिन. त्याच्या सुरुवातीच्या वर्षांतले पिझो इंजेक्टर बदनाम झाले आणि कंपनीने पुढे वेगळ्या जातीचे इंजेक्टर बसवले. म्हणून लेखकाने २०११ नंतरचीच गाडी पाहायची असे ठरवले होते. सी २२० च्या त्या पिढीत स्टिअरिंगचे इलेक्ट्रॉनिक लॉक निकामी झाले तर किल्ली फिरतच नाही आणि गाडी जागची हलत नाही. त्यामुळे तपासणीत किल्ली पुन्हा पुन्हा फिरवून पाहिली गेली. विक्रेत्याला त्याचे कारण कळले नसावे.

तपासणीचा पहिला नियम: इंजिन थंड असताना जावे. विक्रेत्याने गाडी ‘जरा गरम करून’ ठेवली असेल तर चेनचा सुरुवातीचा खडखडाट ऐकूच येत नाही. बोनेटला हात लावून ते कळते. त्यानंतर रंग. कारखान्यातून आलेल्या रंगाची जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरते. मीटरवर आकडा तीनशेच्या वर गेला की खाली लांबी भरलेली आहे असे समजावे. दार किंवा बंपर ठोकल्याचे दुःख नाही. छताच्या खांबांवर किंवा चेसिसच्या टोकांवर लांबी निघाली तर तिथेच नमस्कार करावा. टायरवरचे चार आकडी अंक आठवडा आणि वर्ष सांगतात, आणि चारही टायर गाडीच्या मीटरशी जुळणारी कहाणी सांगतात का ते पाहावे. बीएमडब्ल्यूच्या बहुतेक गाड्यांत रन-फ्लॅट टायर असतात आणि स्टेपनी नसते, हा खर्च अनेकांच्या लक्षात फार उशिरा येतो.

मीटर मागे पाडणे हा या बाजारातला सर्वसाधारण प्रकार आहे. डॅशबोर्डवरचा आकडा बदलणे सोपे, पण किलोमीटरची नोंद गाडीच्या इतर कंट्रोल युनिटांतही राहते, बीएमडब्ल्यूच्या तर किल्लीतसुद्धा. त्यासाठी साधा ओबीडी स्कॅनर पुरत नाही. मर्सिडीजसाठी झेंट्री, बीएमडब्ल्यूसाठी इस्टा, फोक्सवॅगन समूहासाठी व्हीसीडीएस अशी साधने लागतात. नाकारलेल्या एका गाडीत मीटर बासष्ट हजार दाखवत होता आणि आतल्या एका युनिटात एक लाख एकेचाळीस हजारांची नोंद होती. त्यात आश्चर्य हे की गाडी चालायला उत्तम होती. खरा आकडा सांगितला असता तर कदाचित व्यवहार झालाही असता. हायवेवर लाखभर किलोमीटर नियमित सर्व्हिसिंगसह धावलेली गाडी, सोसायटीच्या पार्किंगमध्ये वर्षानुवर्षे झाकून ठेवलेल्या गाडीपेक्षा बरी. उभ्या गाडीचे रबर कडक होते, बॅटरी बसते आणि वायरिंग उंदीर कुरतडतात.

पुरात बुडालेली गाडी ओळखणे सर्वांत अवघड आणि सर्वांत महत्त्वाचे. मुंबईत २६ जुलै २००५ नंतर, चेन्नईत २०१५ नंतर, कोल्हापूर-सांगलीत २०१९ नंतर अशा गाड्या धुऊन-पुसून बाजारात आल्या. या गाड्यांत वायरिंगची जाळी गालिच्याखालून जाते. तिथे पाणी शिरले की दोष आज एका दिव्यात, उद्या एअरबॅगमध्ये दिसतो आणि पिच्छा सोडत नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा, कारण गुंडाळलेला भाग कोणी धूत नाही. डिकीतील गालिचा उचलून खालच्या खोलगट जागेत गाळाची रेघ शोधावी, सीटच्या रुळांवरचा गंज पाहावा. भर उन्हाळ्यात एसी बंद करून काचा चढवल्यावर येणारा कुबट वास उग्र सुगंधी फवाऱ्यानेही पूर्ण लपत नाही.

घेतलेल्या गाडीची किंमत सव्वासहा लाख ठरली. उरलेले पावणेदोन लाख मुद्दाम राखले होते. त्यातून गिअरबॉक्सचे ऑइल आणि फिल्टर, पुढचे लोअर आर्म, इंजिनाचे माउंट, चार टायर, बॅटरी आणि ब्रेक पॅड-डिस्क झाले. यांपैकी काहीही गाडीचा दोष म्हणता येणार नाही; दहा वर्षांचे रबर दहा वर्षांचेच असते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑइल ‘आजन्म’ चालते असे काही कंपन्या सांगतात. बीएमडब्ल्यूला आठ गिअरचा बॉक्स पुरवणारी झेडएफ मात्र ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरदरम्यान ते बदलायला सांगते. बनवणाऱ्याचे ऐकावे.

सुट्या भागांत बचतीला खरी जागा आहे. कंपनीच्या खोक्यातला भाग बहुधा बॉश, माले, सॅक्स किंवा लेमफोर्डरने बनवलेला असतो, आणि तोच त्या उत्पादकाच्या खोक्यात बराच कमी किमतीला मिळतो. मुंबईत ऑपेरा हाउस, दिल्लीत कश्मीरी गेट इथे असे व्यापारी आहेत. जुना पण अस्सल भाग हवा असेल तर कुर्ल्याचा सीएसटी रोड किंवा दिल्लीचे मायापुरी. हेडलाइट, आरसे, सीट यांसाठी तो मार्ग चालतो. ब्रेक, सस्पेन्शन आणि एअरबॅगसाठी चालत नाही.

कागदपत्रांत फॉर्म २९ आणि ३० हे मालकी बदलाचे. परराज्यातील गाडी असेल तर एनओसीचा २८. बँकेचे कर्ज असेल तर बोजा उतरवल्याचा ३५. वाहन पोर्टलवर बोजा, विमा आणि थकलेली ई-चलाने आधीच पाहून घ्यावीत. महागड्या गाड्या पुष्कळदा कंपनीच्या नावावर असतात. तेव्हा सही करणाऱ्याला तो अधिकार आहे असे कंपनीच्या लेटरहेडवरचे पत्र लागते आणि त्यापायी आरटीओत काम अडून राहते. विक्रेता ‘कोऱ्या टीटी फॉर्मवर सह्या करून देतो, सावकाश नावावर करा’ म्हणाला तर नकार द्यावा. खरेदीदाराने तीस दिवसांत मालकी बदलाची नोंद करायची असते.

विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा लागतो. ‘नो क्लेम बोनस’ विक्रेत्याकडेच राहतो, त्यामुळे त्याने सांगितलेला हप्ता आपल्याला लागू पडत नाही. इतक्या जुन्या गाडीला झिरो-डेप कवच सहसा मिळत नाही आणि साध्या पॉलिसीत प्लॅस्टिक व रबरी भागांवर पन्नास टक्के घसारा कापतात. पुढचा बंपर बदलावा लागला तर दावा मंजूर होऊनही त्याची निम्मी किंमत मालकाकडूनच जाते.