हिरव्या पानाच्या आत

ऑफिसची खरेदी सांभाळणाऱ्या तिच्या टेबलावर हल्ली सगळंच ‘इको-फ्रेंडली’ येतं. पेनाला गुंडाळलेला खाकी कागद, टोपणावर हिरवं पान. ती पेन उघडते. आत नेहमीचीच प्लॅस्टिकची रिफिल! ती संपल्यावर बदलता येते का, हे वेष्टणावर कुठेच नाही. तिला तर तेवढीच माहिती हवी असते.

कागदी कप तिने रात्रभर पाण्यात भिजवला. सकाळी बोटांनी चोळल्यावर लगदा सुटला आणि हातात पातळ, चिवट पापुद्रा राहिला. असा थर बहुतेकदा पॉलिथिलीनचा असतो. ‘कंपोस्टेबल’ पीएलएचा, म्हणजे वनस्पतीजन्य प्लॅस्टिकचा असला, तरी त्याला कुजायला अनेक आठवडे ५८ अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब लागते. सोसायटीच्या खतखड्ड्यात ती कुठून मिळणार?

ऑक्टोबर २०२४मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ‘इको-फ्रेंडली’सारख्या मोघम दाव्यांसाठी पुरावा मागणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली, हे फार बरं झालं.

कागद घेताना ती आता एफएससी या जंगल-प्रमाणनाच्या चिन्हाखाली ‘रीसायकल्ड’ आहे की ‘मिक्स’, ते वाचते. मिक्समध्ये नव्या लाकडाचा लगदाही असू शकतो. पुण्याच्या हातकागद संस्थेने तर १९४०च्या दशकापासून सुती चिंध्यांचा कागद केला, झाड न तोडता. रोजच्या प्रिंटआउटसाठी असा कागद महाग पडतो. पाकिटं आणि फायलींसाठी मात्र तिने त्याचाच आग्रह धरलाय.