कुड्याची साल

माझ्या पणजीला म्हसळ्यात कुणी वैद्य म्हटलं नाही. पोटात आंव झाली की मात्र वरच्या आळीतली माणसंही महारवाड्यात यायची, अंधार पडल्यावर. कुड्याची साल तिनं हातात द्यायची नाही, दगडावर ठेवायची. हाताला विटाळ, पोटाला औषध!

१९२३च्या बोले ठरावानं शाळा, पाणवठे, दवाखाने आपल्याला खुले झाले. कागदावर. महाडचं पाणी प्यायला १९२७ उजाडलं, तेही डोकी फोडून घेऊन. १९३८ला मुंबई प्रांतानं वैद्य-हकिमांच्या नोंदणीचा कायदा केला. पुढं १९६१चा महाराष्ट्राचा. नोंद नाही त्यानं वैद्यकी करायची नाही. जिला शाळाच नव्हती तिनं अर्ज लिहायचा कशानं, नखानं?

दोस्तहो, कायदा नको असं मी म्हणत नाही. साप चावलेलं पोर भगताकडं नेऊन मारणारे आपल्यातही आहेत. त्यांना आवरलंच पाहिजे. इस्पितळ पाहिजे, लस पाहिजे.

पण कुटजारिष्ट बाटलीत मिळतं. कुटज म्हणजे कुडाच. लेबलावर कारखान्याचा लायसन नंबर असतो. पणजी कुठल्याच वहीत नाही.

परवा एक बाटली घरी आणली. आईनं बूच काढून वास घेतला.

"कुडाच हाय ह्यो. कितीला दिलान?"