वारा ठेवला, लाट काढली

गाडीचं दार उघडेना. दोन्ही हातांनी रेटलं तेव्हा कुठे फट पडली आणि वाऱ्याने मूठभर वाळू तोंडावर फेकली. नामिबियाच्या दक्षिण किनाऱ्यावरचं हे ल्यूडरिट्झ. मी देवगडचा. असा वारा सुटला की आमच्याकडे होड्या वर ओढतात आणि कवाडं लावून घेतात. इथे मात्र पंधरा-वीस माणसं याच वाऱ्याची वाट बघत थांबली होती! एका बाजूला बेंग्वेलाचा थंडगार सागरी प्रवाह, दुसऱ्या बाजूला तापलेलं नामिब वाळवंट. इथला दक्षिणेचा वारा या दोघांच्या कात्रीतून येतो. ‘पंचेचाळीस नॉट!’ कुणीतरी ओरडलं. म्हणजे ताशी 80 किलोमीटरच्या वर. सगळ्यांचे चेहरे खुलले.

मला वाटलं होतं, समोर खवळलेला समुद्र असेल. समोर होता एक चर. उथळ खाजणात मुद्दाम खणलेला, काही मीटर रुंद, नाकासमोर सरळ. आणि त्यातलं पाणी! डोक्यावरून एवढं वादळ चाललंय आणि पाण्यावर नुसता शहारा. लाट उठायला वाऱ्याला पाण्यावर लांबवर धाव घ्यावी लागते. इथे तो काठावरून तिरका येतो, चार पावलांत पाणी संपतं. वारा ठेवला, लाट काढली. हे लक्षात आलं आणि मी तिथल्या तिथे टाळ्या वाजवल्या.

मग पहिला विंडसर्फर निघाला. हातभर रुंदीचा बोर्ड, लहानसं शीड, अंगात वजन भरलेलं जाकीट, कारण या वाऱ्यात हलका माणूस शीड आवरूच शकत नाही. वाऱ्याला सरळ पाठ दिली तर वाऱ्याच्या पुढे कधीच जाता येत नाही. तिरकं गेलं की स्वतःच्या धावण्याचा वाराही शिडात भरतो, आणि पाण्यातला फिन बोर्डाला बाजूला घसरू देत नाही. मला हे नंतर समजलं. त्या क्षणी कळलं एवढंच, की कोरं मांजरपाट टरकावल्यासारखा आवाज झाला, हाताच्या अंतरावरून एक माणूस जवळजवळ आडवा होऊन गेला, आणि मान वळवेपर्यंत तो ठिपका झाला होता!

याच चरात 2015 च्या नोव्हेंबरमध्ये फ्रान्सच्या आंत्वान अल्बोने 500 मीटरवर 53.27 नॉटची सरासरी गाठली. ताशी 98 किलोमीटरहून जास्त, सगळा खेळ अठरा सेकंदांचा. पुढे 2021 मध्ये ब्यर्न डंकरबेकने इथेच काही क्षणांसाठी ताशी 103 किलोमीटर ओलांडले. इंजिन नाही, इंधन नाही. कापड, एक काठी आणि दोन हात! मी दिवसभर हेच पुटपुटत होतो.

त्या हातांबद्दल सांगतो. या वाऱ्यात उलटं शीड हाकत परत येणं शक्यच नसतं, म्हणून बोर्ड पिकअपमध्ये टाकून माणसांना पुन्हा सुरुवातीला आणतात. त्यातला एक माझ्याशेजारी उतरला. बोटांना चिकटपट्ट्या, तळव्यावर घट्टे, नखांत वाळू. पाण्याच्या बाटलीचं झाकण त्याला उघडेना, इतकी बोटं थरथरत होती. मी उघडून दिलं. दोन घोट घेतले, बाटली परत दिली आणि गडी पुन्हा रांगेत! त्या दिवशी त्याला मी अकरा वेळा जाताना पाहिलं. अकराव्या वेळीही माझ्या पोटात तसाच खड्डा पडला.

मलाही शिकायचंय. त्या चरात नव्हे, आधी शांत पाण्यावर, हलक्या वाऱ्यात; पण शिकायचंय हे नक्की.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नामिबियाला जाणार असाल तर नुसते वाळूचे डोंगर बघून परतू नका. ल्यूडरिट्झला दोन दिवस राखून ठेवा, चराच्या अगदी काठावर उभे राहा. डोळ्यांना घट्ट बसणारा चष्मा आणि तोंडाला बांधायला पंचा मात्र जवळ ठेवा.