मी नांदेडची नाही!

‘‘तू मूळची कुठली?’’ पुण्यात नवी ओळख झाली की हा प्रश्न येतोच. माझं उत्तर ठरलेलं, ‘‘नांदेड.’’ खरं उत्तर पूर्णा, जिल्हा परभणी. पण मग ‘‘ते कुठे आलं?’’ सुरू होतं. कोण समजावत बसणार!

दिवाळीत घरी असताना फोनवर असंच ‘नांदेड’ ठोकून दिलं. आबांनी ऐकलं. ‘‘कामून गं? नांदेडला जाणारं इंजिन आपल्या इथं पाणी पिऊन जायचं.’’

आबा लोकोशेडमध्ये फिटर होते. संध्याकाळी मला स्टेशनवर घेऊन गेले. १९००च्या सुमारास, निजामाच्या राज्यात मनमाड-हैदराबाद मीटरगेज लाइन आली. पुढे हिंगोली-अकोल्याचा फाटा फुटला आणि नदीचं नाव लावणारं हे गाव जंक्शन झालं. रेल्वे क्वार्टर्समध्ये मराठी, तेलुगू, दखनी... सगळ्या भाषांतली भांडणं एकाच नळावर!

मग वाफेची इंजिनं गेली. नव्वदच्या दशकात इथली मेन लाइन ब्रॉडगेज झाली, २००८मध्ये अकोल्याचीही. त्याआधी २००३मध्ये रेल्वेचा नवा विभाग झाला, पण त्याचं मुख्यालय नांदेडला. हे सांगताना आबा रुळांकडेच बघत होते. माझं ‘नांदेड’ त्यांना का टोचलं, ते तेव्हा कळलं.

परवा एका मीटिंगमध्ये पुन्हा तोच प्रश्न. म्हटलं, ‘‘पूर्णा.’’

‘‘ते कुठे आलं?’’

‘‘वेळ आहे ना? मग अजून एक कॉफी सांग!’’