घाट लायसन विचारत नाही



महामार्गावरून जाताना तुम्ही मालाने भरलेले मोठे ट्रक पाहिले असतील. उंच केबिनमध्ये बसलेला ड्रायव्हर पाहून तुमच्यापैकी काहींना वाटत असेल, आपणही अशी गाडी चालवावी. लहानपणी मलाही तसेच वाटे. आज मी तुम्हांला माझ्या लायसनची गोष्ट सांगणार आहे.

सरकारी अर्जावर लायसनला 'अनुज्ञप्ती' म्हणतात. हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा मी गोंधळलो. शेजारी उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी सांगितले, "अनुज्ञप्ती म्हणजे परवाना." मग मला हायसे वाटले. परवाना हा शब्द फारसीतून आला. तो उर्दूत आहे आणि मराठीतही आहे.

आमचे घर मालेगावात. अब्बा यंत्रमागावर काम करत. मंदी आली की लूम बंद राहत आणि घरात पैशांची ओढाताण होई. आठवीनंतर माझी शाळा सुटली. पुढे मी एका ट्रकवर क्लीनर झालो. मालेगावहून कापड भरून आम्ही भिवंडीला जात असू. येताना सूत घेऊन येत असू. ट्रकच्या ड्रायव्हरला मी उस्ताद म्हणत असे.

उस्ताद कमी बोलत, पण कामाचे बोलत. निघण्यापूर्वी ते प्रत्येक टायर ठोकून पाहत. इंजिन सुरू केल्यावर ब्रेकच्या हवेचा काटा वर येईपर्यंत ते गाडी हलवत नसत. कसारा घाट उतरण्याआधी ते मला सांगत, "बेटा, ज्या गिअरमध्ये घाट चढतोस, त्याच गिअरमध्ये उतर. उतारावर सारखा ब्रेक दाबलास तर तो तापतो. तापलेला ब्रेक ऐन वेळी धोका देतो."

मला ट्रक चालवण्याची घाई झाली होती. पण कायद्याला घाई नसते. ट्रक, बस यांसारखी वाहतुकीची गाडी चालवण्यासाठी वयाची वीस वर्षे पूर्ण असावी लागतात. त्याआधी हलक्या मोटारीचे लायसन किमान एक वर्ष जवळ असावे लागते. डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते आणि ड्रायव्हिंग स्कूलचेही लागते. मी 1994 मध्ये हलक्या मोटारीचे लायसन घेतले होते. 1996 मध्ये वीस वर्षांचा झालो. शिकाऊ लायसन काढले, गाडीला लाल रंगाचा 'एल' लावला आणि उस्तादांना शेजारी बसवून सराव केला. एक महिन्यानंतर मी परीक्षेला गेलो.

निरीक्षक साहेब माझ्या शेजारी बसले. मी गिअर नीट बदलले, वळणावर हात दाखवला, गाडी मागेही घेतली. मग साहेब म्हणाले, "या चढावर थांबा. आता पुन्हा निघा." मी घाईने ब्रेक सोडला. ट्रक दोन हात मागे घसरला. साहेबांनी कागदावर खूण केली आणि म्हणाले, "सात दिवसांनी पुन्हा या."

मी मान खाली घालून बाहेर आलो. फाटकाजवळ एक दलाल उभा होता. तो म्हणाला, "कशाला त्रास घेतोस? पैसे दे. परीक्षा न देता लायसन घरी येईल."

त्या रात्री मी अम्मीला सर्व सांगितले. त्या वेळी लूम बंद होते. अम्मीने पिठाच्या डब्यातून एक पुरचुंडी काढली आणि माझ्यासमोर ठेवली. बहिणीच्या लग्नासाठी तिने ते पैसे साठवले होते. ती म्हणाली, "घे. तू ड्रायव्हर झालास की पगार वाढेल. मग परत ठेवू."

खरे सांगतो, मी ती पुरचुंडी खिशात घातली.

सकाळी मी उस्तादांकडे गेलो. त्यांनी माझे बोलणे शांतपणे ऐकले. मग विचारले, "काल गाडी मागे का घसरली?"

मी गप्प राहिलो.

ते म्हणाले, "बेटा, पोलीस लायसन विचारतील. घाट लायसन विचारत नाही. तिथे दलालही येत नाही. पैसे आईला परत दे आणि संध्याकाळी चढावर ये."

मी पैसे परत दिले. संध्याकाळी उस्तादांनी ट्रक चढावर उभा केला. मागच्या चाकामागे वीतभर अंतरावर तेलाचा एक रिकामा डबा ठेवला. म्हणाले, "हँडब्रेक लाव. क्लच हळूहळू सोड. इंजिनने जोर धरला की मगच हँडब्रेक सोड." पहिल्या दिवशी मी तीन डबे चेपले. दुसऱ्या दिवशी दोन. सहाव्या दिवशी एकही डबा चेपला नाही. आठव्या दिवशी मी परीक्षा दिली आणि पास झालो. अम्मीने पुरचुंडी पुन्हा पिठाच्या डब्यात ठेवली.

मित्रांनो, गोष्ट इथेच संपत नाही. 1998 च्या पावसाळ्यात एका रात्री मी भिवंडीहून सूत भरून येत होतो. आता उस्ताद शेजारी नव्हते. कसारा घाटाच्या चढावर पुढचा एक ट्रक बंद पडला आणि सगळी रांग थांबली. आरशात पाहिले तर माझ्या मागे अगदी जवळ एक एस.टी. बस उभी होती. आत दिवा होता. पुढच्या बाकावर एक बाई मूल मांडीवर घेऊन बसली होती.

रांग हलली. क्लीनर चाकामागे दगड लावण्यासाठी खाली उतरला होता. माझे हात गार पडले होते, पण पायांना सवय होती. हँडब्रेक, क्लच, इंजिनचा जोर. ट्रक बोटभरही मागे न येता पुढे सरकला. त्या क्षणी मला अम्मीची पुरचुंडी आठवली. ते पैसे दलालाला दिले असते तर खिशात लायसन असते. पण त्या बाईचे आणि तिच्या मुलाचे काय झाले असते?

आता लायसनचा अर्ज संगणकावर भरता येतो. माझे लायसन तीन वर्षांनी नवे करावे लागे, आता वाहतुकीच्या गाडीचे लायसन साधारणपणे पाच वर्षे चालते. पण चढ तसाच आहे आणि गाडीचे ओझेही तसेच आहे.

तुम्ही ड्रायव्हर व्हा, शिक्षक व्हा किंवा डॉक्टर व्हा. कोणी तरी तुम्हांलाही म्हणेल, "परीक्षा कशाला देतोस? कागद मी मिळवून देतो." त्या वेळी एवढेच आठवा की आपल्या गाडीच्या मागे नेहमी कोणी तरी उभे असते. आणि पहिल्या वेळी नापास झालात तर लाजू नका. चाकामागे एक रिकामा डबा ठेवा आणि पुन्हा सुरुवात करा.